मार्लिसच्या चाळणीतली धूळ

मार्लिस टॉलफसनला कशाची किळस येत नाही हे सांगणं सोपं होतं, कारण ती यादी फार छोटी होती. चर्चच्या तळघरात कॉफी प्यायची तर ती आधी कप रुमालानं पुसायची. कुणाकडून बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेली मिसळ, आली की आधी भांड्याची कड बघायची आणि मगच चव. अशा बाईचं लग्न झालं होतं ओरिनशी. त्याच्या एका खिशात ओली तंबाखू असायची आणि दुसऱ्यात बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या.

ओरिन दर उन्हाळ्यात गोफर, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारी, मारायला जायचा. गोफरांच्या बिळांत गुरांचे पाय मोडतात, म्हणून आमच्या पूर्व मोंटानातले गुरंवाले त्याला हौसेनं बोलवायचे. दिवसाला दोनतीनशे गोळ्या सहज उडायच्या. एवढी काडतुसं दुकानातून आणणाऱ्याला आमच्याकडे वेड्यात काढतात. उडवलेल्या पितळी पुंगळ्या वेचायच्या, स्वच्छ करायच्या, त्यांत पुन्हा दारू आणि गोळी भरायची, हीच इथली रीत. वेचण्यात ओरिन पटाईत होता. स्वच्छतेच्या नावानं मात्र बोंब.

एकोणीस वर्षांपूर्वी या गृहस्थानं चारशे पुंगळ्या मार्लिसच्या डिशवॉशरमध्ये घातल्या. वरच्या कप्प्यात पाहुण्यांचे काचेचे पेले तसेच होते. तासाभरानं तिनं दार उघडलं तर प्रत्येक पेल्याला काळपट चिकट थर.

"शी! ओरिन! काय आहे हे?"

"साबणाचं पाणीच तर आहे. पितळ बघ कसं लखलखतंय."

"पितळ लखलखतंय आणि पेले गटारातून काढल्यासारखे! माणूस आहेस की डुक्कर?"

"डुकरं डिशवॉशर वापरत नाहीत, मार्लिस."

ती हसली नाही. पेले तिनं त्याच दिवशी कचऱ्यात टाकले आणि डिशवॉशर ओढून घराबाहेर काढायला लावला. मग जाहीर केलं, "यापुढे या घरात पुंगळी स्वच्छ करीन ती मी. तू हात लावायचा नाहीस." ओरिननं क्षणाचाही विलंब न लावता मान डोलावली. इतक्या लवकर तो लग्नालाही तयार झाला नव्हता.

आणि खरं सांगायचं तर त्या कामात तिचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता. स्वयंपाकघराला लागून कपडे धुण्याची खोली होती, तिथे तिनं ओरिनचं टंबलर आणून ठेवलं. हे म्हणजे विजेवर थरथरणारं एक पातेलं. त्यात अक्रोडाच्या कवचाचा चुरा आणि पुंगळ्या घालायच्या आणि चार तास घरघरत ठेवायचं. चुरा पितळावरची काजळी घासून काढतो. मग सगळं मोठ्या चाळणीत ओतून हलवायचं, की चुरा खाली आणि सोन्यासारख्या पुंगळ्या वर. चाळताना राखाडी धूळ उडायची. ती धूळ मार्लिसला मुळीच खपत नसे. चाळून झालं रे झालं की ती झाडू घ्यायची आणि कोपरान् कोपरा झाडायची. काम गॅरेजात करावं असं ओरिन एकदा म्हणाला होता. "तुझ्या त्या उकिरड्यात?" एवढंच ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

हळूहळू ओरिनच्या नेमबाजी क्लबातली बाकीची मंडळीही आपापलं पितळ घेऊन यायला लागली. आमच्याकडे शनिवारच्या नेमबाजीत प्रत्येकजण आपली काडतुसं लाकडी ठोकळ्यात उभी करून टेबलावर मांडतो. ज्याचं पितळ मळकं, त्याची दिवसभर टिंगल. मग काय, मार्लिसच्या दारात डबे घेऊन पुरुषांची रांग. लाइल हॉगन तर एकदा कॉफीचा असा डबा घेऊन आला, की झाकण उघडताच तिला उमासे यायला लागले.

"लाइल, तू यात तंबाखू थुंकला आहेस."

"थोडंसंच गं. गाडीत दुसरा डबा नव्हता."

"तुझ्या बायकोची मला दया येते. रोज सकाळी उठून बघते तरी कशी तुझ्याकडे!"

"डोळे मिटूनच उठते ती," लाइल म्हणाला.

नाक दाबून तिनं तेही पितळ स्वच्छ केलं. पुरुषजात म्हणजे चालती फिरती घाण, आणि ती निस्तरायला देवानं आपल्याला पाठवलंय, असं तिचं पक्कं मत होतं. तिला त्या कामाचा वीट आला होता आणि त्याचाच माजही होता.

गेल्या वर्षी तिची मुलगी जनीन नवऱ्यापासून वेगळी होऊन गावात परत आली आणि बीटाच्या साखर कारखान्यात कामाला लागली. तिची दीड वर्षांची ब्रिट्टा दिवसभर आजीकडे. मार्लिसनं पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. जमिनीवर पडलेली चोखणी उकळल्याशिवाय तोंडात जायची नाही. ओरिननं तंबाखूच्या तोंडानं पापा घ्यायचा नाही. गॅरेजात तर पोरीनं पाऊलही टाकायचं नाही. ब्रिट्टाला मात्र ती घरघर फार आवडायची. टंबलर चालू झालं की दुडदुडत यायची, आजीच्या पायाशी बसून कपड्यांच्या चिमट्यांनी खेळायची आणि खेळता खेळता तिथेच झोपून जायची.

दोन वर्षांची झाल्यावर दवाखान्यात तिची नेहमीची रक्ततपासणी झाली. त्यात शिसं निघालं, चालतं त्याच्या चौपट. जनीन रडत रडत घरी आली. एवढ्या लहान पोराच्या अंगात शिसं राहिलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, नंतर शाळेत मागं पडतं, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि ते कुठून येतंय ते आधी शोधा, असंही.

मार्लिसला शोधायची गरजच वाटली नाही. ती तरातरा ओरिनसमोर जाऊन उभी राहिली. "तू! तुझ्या त्या शिशाच्या गोळ्या! तुझे ते काळे हात! पोरीला विष घातलंस!"

ओरिननं आपल्या हातांकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या रात्रीपासून तो गॅरेजातच झोपायला लागला. घरात येण्याआधी बाहेरच्या नळावर अंघोळ करायचा, ऑक्टोबरच्या थंडीत.

काउंटीच्या आरोग्य खात्यातून एक तरुण बाई आली. मार्लिसनं तिला आधी गॅरेजातच नेलं. "हे बघा. हा त्याचा ओटा. हा थुंकायचा डबा. शी! हे सगळं घ्या, नीट घ्या." बाईनं ओल्या कापडानं एकेक जागा पुसली आणि प्रत्येक कापड तपासणीसाठी वेगळ्या पिशवीत घातलं. मग म्हणाली, "घरातलंही घेते हं." मार्लिसनं तोऱ्यात दार उघडून दिलं. माझ्या घरात काय सापडणार आहे, शोधा म्हणावं.

दहा दिवसांनी ती बाई कागद घेऊन आली. स्वयंपाकघराच्या टेबलाशी मार्लिस, जनीन आणि दाराजवळ उभा ओरिन. ब्रिट्टा आतल्या खोलीत झोपली होती.

"गॅरेजात शिसं आहे," बाई म्हणाली, "पण मुलगी तिथे जात नाही. सगळ्यात जास्त निघालं ते कपडे धुण्याच्या खोलीत. जमिनीवर, झाडूत, ड्रायरच्या जाळीत. काडतुसाच्या बुडाला जी ठिणगीची टोपी असते, तिच्यात शिसं असतं. गोळी सुटली की ते पुंगळीत काजळीसारखं बसतं आणि चाळताना धुळीबरोबर उडतं. कोरडा झाडू मारला की पुन्हा उडतं. तिथे काम कोण करतं?"

ओरिननं मार्लिसकडे बघितलंही नाही. तो म्हणाला, "मीच. माझंच पितळ आहे ते सगळं."

"गप्प बस, ओरिन," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मी करते. एकोणीस वर्षं मीच करतेय."

"आई," जनीननं विचारलं, "तू झाडायचीस तेव्हा ब्रिट्टा कुठे असायची?"

"माझ्या पायाशी."

जनीननं तोंड फिरवलं. इथून पुढे धूळ बंद झाली तर रक्तातलं शिसं हळूहळू उतरतं, असं काहीतरी बाई समजावून सांगत होती. मार्लिसच्या कानांत एक शब्द शिरत नव्हता. ती टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत होती. नखं कापलेली, बोटं घासून घासून गुलाबी झालेली. याच हातांनी तिनं पोरीला घास भरवले होते. लाइलच्या डब्याकडे बघावं तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली.

आतल्या खोलीचं दार ढकललं गेलं. झोपेतून उठलेली ब्रिट्टा डोळे चोळत सरळ आजीकडे आली आणि दोन्ही हात वर केले. "आजी, घे."

मार्लिस खुर्ची मागे सारून उठली आणि भिंतीला जाऊन टेकली. दोन्ही हात तिनं पाठीमागे लपवले.

"नको गं बाळा," ती म्हणाली. "आजी घाण आहे."