गाळलेला अध्याय

सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीत झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद केलं. झालं, मी सापडले! तासगावातल्या शाळेतून घरी यायचं, चहा टाकायचा आणि त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. कादंबरी लढाईची. परक्या देशात शांतता राखायला गेलेली आपली पलटण. सासरेही उमेदीत पलटणीबरोबर असेच समुद्रापार जाऊन आलेले, पण तिथल्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

पुस्तकात एक अध्याय शिपायाचा, पुढचा तिथल्या एका बाईचा. शिपाई म्हणतो, तिच्या घरात बंदुका होत्या, म्हणून नवऱ्याला चौकशीला नेलं. बाई म्हणते, घरात चार भांड्यांपलीकडे काही नव्हतं. मी आधी एकटीने वाचलं तेव्हाच डोकं भणभणलं. शिपायाचं वाचताना तो खरा वाटायचा, बाईचं वाचताना ती. मानायचं कुणाचं, काही उमजेना. म्हातारपणी सासऱ्यांच्या जिवाला घोर नको, म्हणून बाईचे अध्याय गाळायचे ठरवले.

पण आमच्याकडे श्रावणात पोथी मीच वाचते. त्या सवयीने पहिला संपल्यावर तोंडातून गेलं, "अध्याय तिसरा."

सासऱ्यांनी हात वर केला. दुसरा कुठं गेला, विचारलं. रटाळ आहे, मी म्हणाले. अध्याय गाळलेला चालतो का, असं त्यांनी सुनावलं. माझाही पारा चढला. ही काय पोथी आहे का? ऐकतील तर शपथ. शेवटी रागारागाने बाईचा अध्याय एका दमात वाचून टाकला.

त्यांनी काळा चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाले, "तिचा नवरा माघारी आला का? म्होरं बघ."

मला ठाऊक होतं, तरी शेवटपर्यंत पानं चाळली. "लिहिलेलं नाही, आबा."

"तिथं आमी असाच एकाला गाडीत घातला हुता. बायकू दारात हुबी. सांजच्याला सोडत्यात, म्हनून तिला मीच सांगितलं."

पुस्तकातलं कुठलं, घरातलं कुठलं, मला कळेनासं झालं. भीती वाटली. "मग?" एवढंच मी म्हणाले.

"मला कुनी सांगितलं न्हाई, पोरी. आन् मी बी इचारलं न्हाई."