टेबलावर अडलेले दाणे

पिलसुनच्या घरी सोयाबीनचे तीन वाण होते. पिवळा टपोरा दाणा शिजवून, कांडून, त्या लगद्याच्या विटा थापून आंबवायला टांगायच्या. काळ्या सालीचा, आतून हिरवा असायचा तो भातात. तिसरा बारीक, फिकट आणि किंचित चपटा. तो मोड आणायला. टपोऱ्याला मोड आणले तर त्याचं डोकं जड होऊन कुजतं, हा मात्र पातळ सालीतून सरळ बोटभर दांडी काढतो. लग्न होऊन डोंगरापलीकडून येताना तिने तो चिंधीत बांधून आणला होता. गावात आणखी कुणाकडे तो नव्हता.

यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती महिनाभर शहरात राहिली. परतली तेव्हा भातलावणी उरकली होती, बांधावर सोयाबीन टोकायचे दिवस आले होते. सून मिरानने त्या बारीक वाणाचं बियाणं निवडून भोपळ्याच्या तुंब्यात भरून ठेवलं होतं. पिलसुनने मूठभर घेऊन बोटांतून ओघळू दिलं आणि ती थबकली. सगळा दाणा गोल होता. गेल्या मळणीत शेजाऱ्यांच्या खळ्यातून मिसळलेला.

मिरानने सगळे करतात तेच केलं होतं. जेवणाचं बुटकं टेबल एका बाजूने उचलून त्यावर दाणे सोडले होते. गडगडत खाली येतील ते बियाण्याला, वर अडतील ते किडके.

"निम्म्याच्या वर अडले, आई. मला वाटलं, कीड लागली."

"अगं, चपटा दाणा गडगडेल कसा? मीसुद्धा या घरात अडून बसले म्हणूनच टिकले. कुठे टाकलेस ते?"

मिरानचा चेहरा उतरला. थोडे कोंबड्यांना घातले, बाकीचे परवा मोडाच्या मडक्यात भिजवले, असं तिने खाली बघत सांगितलं.

पिलसुन काठी टेकत स्वयंपाकघरात गेली. मडक्यावरचं काळं फडकं उचललं. दाण्यांना नखाएवढे पांढरे मोड आले होते. आणखी तीन दिवसांनी त्यांचा रस्साच झाला असता.

"बांध भिजवून घे," ती म्हणाली. "ऊन उतरलं की लावू."

गुडघा वाकत नव्हता, म्हणून ती पालथ्या पाटीवर बसून राहिली. मिरान काठीने भोक पाडायची, एकेक दाणा सोडायची. "शेपूट खाली," पिलसुन दर वेळी सांगायची. शेवटी मिरान म्हणाली, "कळलं हो, आई."

बरेच कुजले, काही कबुतरांनी उपटले. उरलेल्यांना शेंगा धरल्या.

थंडी पडायच्या आधी मिरानने पुन्हा टेबल कलतं धरलं. गडगडत खाली आले ते तिने कोंबड्यांपुढे टाकले. वर अडले ते तळहाताने ओढून तुंब्यात भरले.