तळाचा रा

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय, पंखा घरघरतोय, आणि राजमणीच्या हातातला फोन हळूहळू जड व्हायला लागलाय. डोळे मिटतायत, पण ती झोपलेली नाही हं. झोपून कसं चालेल? संध्याकाळी पत्रिका जायचीय.

झालंय असं, की राजमणीच्या लेकीचं, सुचेताचं लग्न ठरलंय सीमेपलीकडच्या इंडी गावाकडच्या एका कानडी घरात. राजमणीचं घर तेलुगू, सोलापूरच्या विणकरांचं, आणि शेजारपाजार सगळा मराठी. पोरांनी फोनवर धाडायला एक चकचकीत इंग्रजी कार्ड करून घेतलंय. ते बघून राजमणी जी फणकारली! "नवऱ्यामुलाच्या आज्जीला, त्या गुरव्वाला, कानडीशिवाय अक्षर कळत नाही. वरंगळचा माझा मामा तेलुगूच वाचतो. मग हे काय भिंतीला दाखवायचं?" उभी हयात छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवून तिनं गावाच्या लग्नपत्रिका तयार केल्या. आता तिच्याच लेकीची पत्रिका दुसऱ्या कुणी करायची? म्हणाली, "तिन्ही भाषांत मी लिहिते."

"लिही की आई," सुचेता म्हणाली. "संध्याकाळपर्यंत झालं तर तुझी जाईल, नाहीतर इंग्रजी." तिनं सकाळी आईच्या फोनच्या कीबोर्डला तिन्ही भाषा जोडून दिल्या आणि ब्लाउज आणायला गेली.

आणि इथंच घोळ झाला. छापखान्यातला पहिला धडा काय? दोन भाषांचे खिळे एका केसमध्ये ठेवायचे नाहीत. केस म्हणजे खिळ्यांचा तो कप्प्याकप्प्यांचा लाकडी खण. खिळे मिसळले की निवडता निवडता जीव जायचा. राजमणीनं एकाच फोनमध्ये तीन भाषा बघितल्या आणि ठरवलं, काम झालं की एकेक काढून टाकायची. मराठी मजकूर लिहून झाल्यावर तिनं मराठी काढून टाकली. तेलुगू झाल्यावर तेलुगू काढली. आणि काढायच्या भरात कानडी, लिहायच्या आधीच, तीही गेली. आता फोनमध्ये राहिलीय फक्त इंग्रजी. परत जोडायचं कसं ते ठाऊक नाही. सुचेताला विचारायचं, तर एवढ्या तोऱ्यात बोलून बसल्यावर विचारायचं कुठल्या तोंडानं?

"काय करलालीस, मणी?"

पलंगाच्या पायथ्याशी तिचे वडील उभे आहेत. नान्ना. अंगावर शाईनं काळा पडलेला तोच गणवेश, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांना जाऊन किती वर्षं झाली! पण राजमणीला नवल वाटत नाही. तिला एवढंच वाटतं, की घरात दूध संपलंय आणि नान्ना आता चहा मागणार.

"पत्रिका करतेय," ती मराठीतच सांगते. घरात तेलुगू, पण खिळ्यांजवळ बापलेक नेहमी मराठीच बोलायचे. "कानडीची केस हरवली, नान्ना."

"हरवली? दाखव बघू."

पंख्याची घरघर आता ट्रेडलची, पायानं चालवायच्या छपाई मशीनची झालीय. टीव्हीची भिंत मागे सरते आणि तिथं छापखान्यातलं ते उंच कपाट उभं आहे. पलंगाच्या जागी दगडी फरशी. सगळीकडे रॉकेल आणि शाईचा वास. राजमणीच्या अंगावर परकर-पोलकं आहे आणि हातात मात्र फोनच आहे. कपाटात एकच खण, इंग्रजीचा. बाकीच्या जागा रिकाम्या, काळ्याकुट्ट.

"बाकीचे खण कुठं गेले?"

"मीच काढले. मिसळतील म्हणून."

नान्ना हसायला लागतात, ते हसतच राहतात. "अगं येडे! आपल्याकडे एका कपाटात किती केसी होत्या? कधी मिसळल्या?"

"नाही."

"मग फेकल्या होत्या का बाहेर?"

राजमणीलाही हसू फुटतं, तोंडावर हात धरून ती हसते. खरंच की! केस वेगळी ठेवायची, कपाट कुणी वेगळं केलं होतं?

"सकाळी इथं खाली एक पृथ्वीचा गोल होता," ती फोन पुढे करते. "मला वाटलं इंटरनेटचं काही असेल. मी हात नाही लावला. आता तोही गेला."

"ती कपाटाची मूठ गं. ती धरली की पुढचा खण बाहेर येतो. खणच नाहीत तर मूठ दिसणार कशी? हे दातेरी चाक दाब."

ती फोनमधलं चाक दाबते. कुठंतरी ट्रेडलचं मोठं चाक फिरतं. 'भाषा' लिहिलेलं दार उघडतं, आत 'जोडा' असं लिहिलेल्या फळीवर तिचे तिन्ही खण नीट रचून ठेवलेले. ती एका बाजूनं उचलते, दुसऱ्या बाजूनं नान्ना. शिशाचं वजन ते, हात भरून येतात. मराठीचा खण बसतो. तेलुगूचा खण बसताच आतून मागांची खटखट ऐकू येते.

कानडीचा खण उघडतो आणि आत ज्वारीचं शेत आहे. बांधापलीकडे घर, उंबऱ्यात एक म्हातारी, हातात फोन, चष्मा कपाळावर. ती कानडीत कुणाला तरी विचारतेय, "आपल्याला बोलावलं नाही काय? सगळ्यांना आलं, मला वाचता येईल असं काहीच आलं नाही."

"आलंच हं आज्जी," राजमणी खणात वाकून सांगते. "लिहितेय."

"लिही," नान्ना म्हणतात. "आणि तळाशी तुझं अक्षर लाव."

तो छापखान्याचा रिवाज. प्रूफ काढताना जुळाऱ्यानं, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यानं, तळाशी आपल्या नावाचं पहिलं अक्षर लावायचं, चूक निघाली तर कुणाची ते कळावं म्हणून. मालकानं प्रूफ पास केलं, की छापायच्या आधी ते अक्षर काढायचं. राजमणीनं हयातभर हजारो पत्रिकांच्या तळाचा आपला रा चिमट्यानं काढलाय.

"लावते. चुका तपासून झाल्या की काढेन."

"या वेळी काढू नकोस."

ती मान वर करते. नान्नांचे डोळे भरलेत. जिवंतपणी तिनं असं कधी बघितलं नव्हतं.

"लोक म्हणायचे, नरसय्या, पोरीच्या हातात खिळे देतोस, वेड लागलं काय? तुझं पहिलं प्रूफ मी खिशात घालून अख्ख्या पेठेत दाखवत फिरलो होतो, मणी. चहावाल्यालासुद्धा दाखवलं. म्हटलं, बघा, एक चूक काढून दाखवा. मला तुझा लई अभिमान होता. बोललो नाही कधी, बापानं तोंडावर कसं बोलायचं म्हणून."

"नान्ना, लग्नाला याल?"

"पत्रिका आली तर येईन की."

"कुठल्या भाषेत पाठवू?"

"तुझ्या हातची असू दे, कुठलीही वाचीन."

ट्रेडल थांबतं. नुसता पंखाच फिरतोय.

राजमणी उठून बसते. उशी ओली आहे. फोन पोटावर पडलाय, चालूच. त्यात कीबोर्ड उघडा आहे, कानडी. खालच्या कोपऱ्यात पृथ्वीचा गोल. आणि वरच्या कोऱ्या जागेत एकच अक्षर, तिनं न लिहिलेलं. कानडीतला रा.

ती डोळे पुसते, चष्मा लावते आणि कामाला लागते. रा तळाशी ठेवून त्याच्या वर कानडी मजकूर लिहिते, एकेक अक्षर, घाई न करता. मग गोल दाबते, मराठी येते, तिथं तळाशी रा. परत गोल, तेलुगू, तिथंही रा. खण येतायत, जातायत, एक खिळा मिसळत नाही.

सुचेता पिशव्या घेऊन येते, तशीच उभ्यानं वाचते. वाचता वाचता तिचा चेहरा बदलतो. "आई! तिन्ही? एकटीनं?" मग ती फोन जवळ धरते. "खाली हे काय राहिलंय, रा? काढू का?"

"खबरदार हात लावशील तर," राजमणी म्हणते. "जुळाऱ्याची खूण आहे ती."

ती फोन परत घेते आणि पहिली पत्रिका गुरव्वाला धाडते.