बाटलीवरचं मधलं नाव

लातूर सोडून ओसाकाला निघालो तेव्हा आप्पांनी मला गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. मांसमच्छी खायची नाही आणि दारूला शिवायचं नाही. शपथेचा पहिला भाग मी आजतागायत पाळतोय. दुसऱ्या भागाचं तीन वर्षांत काय झालं ते पुढे येईलच, पण निम्मी शपथ पाळली तर निम्मं पुण्य पदरात पडत असावं, अशी मी माझी समजूत करून घेतलेली होती.

कंपनीनं दिलेली खोली फार शांत वस्तीत होती. माझं बालपण गंजगोलाईतल्या भांड्यांच्या दुकानात गेलेलं. घागरीवर घागर आदळल्याशिवाय मला झोपसुद्धा लागायची नाही. त्या खोलीत संध्याकाळी सातनंतर शेजाऱ्याचा खोकलाही ऐकू येईना. आठवडाभरात मी बेजार झालो आणि ऑफिस सुटलं की जिकडून आवाज येईल तिकडे चालायला लागलो.

एकेक वस्ती पायाखाली घातली. दोतोंबोरीला लोक दिवे बघायला जातात, मीही गेलो. तिथे एका हॉटेलच्या माथ्यावर भलामोठा खेकडा पाय हलवत होता, तो बघून माझी भूकच मेली. त्सुरुहाशीत कोरियन लोकांची वस्ती आहे, तिथं कोबीचं तिखट लोणचं मिळतं. ते मी दीड महिना मिटक्या मारत खाल्लं, मग कुणीतरी सांगितलं की त्यात मासळी असते. ते मी शपथेत धरत नाही. माहीतच नव्हतं तर माझा काय दोष?

शेवटी पाय रुळले ते तेन्मात. एक छपराखालचा बाजार, इतका लांब की चालून चालून चप्पल झिजावी, आणि त्याच्या दोन्ही अंगांना अरुंद गल्ल्या. गल्लीत लाल कंदील, सहा माणसांच्या जागेत नऊ माणसं उभी, आणि सगळी एकाच वेळी बोलणार. मला पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं वाटलं. टोकियोतली माणसं पुण्यासारखी, पुस्तकातलं वाचून दाखवल्यागत बोलतात. ओसाकाची आपल्यासारखी. ओळख व्हायच्या आधी गाव कुठलं, लग्न झालं का, नसेल तर का नाही, सगळं विचारून मोकळी होतात.

त्यातल्या दुसऱ्या गल्लीत आठ स्टुलांचा एक बार होता. मालकीण तेव्हाच साठीला पोचलेली. मी तिला मावशी म्हणायचो. आमच्याकडे आईच्या बहिणीला असं म्हणतात, हे सांगितल्यावर तिनं ते नाव लगेच मान्य केलं आणि त्याच दिवसापासून मला जेवलास का म्हणून रागवायला लागली. तीन वर्षं मी तिथे फक्त काळा चहा प्यायलो. आता शपथ कशी मोडली ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही पटेल की त्यात माझी चूक फार थोडी होती.

आमच्या घरी ताटात काही टाकायची सोय नव्हती. भाकरीचा तुकडा संपला की ताटात पाणी ओतायचं, बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. शिवाचा प्रसाद आहे, कण वाया जाता कामा नये. पेल्याचंही तेच. आणि तिकडची रीत अशी की शेजाऱ्याचा ग्लास रिकामा दिसू द्यायचा नाही. एका संध्याकाळी शेजारी बसलेल्या, त्याच दिवशी निवृत्त झालेल्या एका आजोबांनी आनंदाच्या भरात माझ्या ग्लासात व्हिस्की ओतली. टाकून देणं माझ्या संस्कारात बसेना, म्हणून मी संपवली. ग्लास रिकामा ठेवणं त्यांच्या संस्कारात बसेना, म्हणून त्यांनी भरला. ते भरत राहिले, मी संपवत राहिलो. दोन चांगल्या घरांतल्या माणसांनी आपापल्या घरचं वळण पाळलं, एवढंच झालं.

पुढे माझी बाटलीच झाली. तिकडे नेहमीच्या गिऱ्हाईकाची बाटली बारमध्येच फळीवर ठेवतात. तिच्या गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवतात, आलात की काढतात, निघालात की परत ठेवतात. मावशीनं माझ्यापुढे कोरी चिठ्ठी आणि पेन सरकवलं. मी ऐटीत देवनागरीत लिहिलं. अख्ख्या ओसाकात ते वाचणारं कोण होतं? आणि लिहिलं तेही शाळेच्या दाखल्यावर लिहितात तसं. आधी माझं, मग वडिलांचं, मग आडनाव. दुसरं कसं लिहितात ते मला माहीतच नव्हतं.

यात गंमत असली तरी मी मनातून घाबरलेला असायचो. त्याचं कारण होते काका.

लातूर जिल्हा झाला तो दिवस मला चांगला आठवतो. गावभर पेढे, हलगी, गुलाल. उस्मानाबादच्या हाताखालून सुटलो म्हणून माणसं अनोळखी माणसांना मिठ्या मारत होती. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. ते कुठूनतरी पिऊन आले, आमच्याच दुकानासमोर हातगाडीवर चढले आणि आपण नव्या जिल्ह्याचे पहिले कलेक्टर आहोत असं त्यांनी जाहीर केलं. पहिला हुकूम म्हणून समोरचं भांड्यांचं दुकान रस्त्यात येतं, सबब पाडून टाका, असं सांगितलं. सारी गोलाई पोट धरून हसली. मीही हसलो. आप्पांनी दुकानाची फळी लावली आणि त्या संध्याकाळपासून भावाशी बोलणं बंद केलं.

एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन नऊ वर्षं ते बोलले नाहीत. काका समोर बसलेले असायचे आणि आप्पा माझ्याकडे बघून म्हणायचे, "याला म्हणावं, ठोक मालाची गाडी आली." मग मी दोन हातांवरच्या काकांना तेच परत सांगायचो. काकांनी त्यानंतर दारू सोडली की नाही, हेसुद्धा आप्पांनी कधी विचारलं नाही. नवव्या वर्षी काका झोपेतच गेले. मूठमाती देतानाही आप्पांच्या तोंडातून शब्द निघाला नाही. मला मारलं असतं तरी चाललं असतं, पण आप्पा माझ्याशी तसे गप्प झाले असते तर मी ते सहन करू शकलो नसतो.

म्हणून पंधरा वर्षं सगळं लपवलं आणि लपलंही. मग तो दुष्काळाचा उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं. अव्वा, म्हणजे माझी आई, जाऊन बराच काळ झालेला, आप्पा एकटे, पंचाहत्तरीचे, आणि नळाला पाणी कधी येईल हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. फोनवर म्हणायचे, "लई मजा हाय. ड्रम ठिवायला जागा पुरंना दुकानात, इतके खपायलेत. पर लाज वाटायली इकायला." मी हट्ट धरला, तिकीट काढलं, पाऊस पडेपर्यंत तरी या म्हणालो. ते आले.

येण्याआधी मी तेन्माभर फिरून बंदोबस्त केला. कपाळावर राखेचे तीन पट्टे असलेल्या म्हाताऱ्यासोबत मी दिसलो तर ओळख दाखवायची नाही, असं दारोदार सांगितलं. मावशीला कारणही सांगितलं. तिनं गंभीरपणे मान हलवली. पण सवय कुठे जाते? तिसऱ्याच दिवशी बाजारातून जाताना तोफूवाला मला बघून कंबरेत वाकला.

"ह्यो कामून वाकायला?" आप्पांनी विचारलं.

"इथं सगळेच वाकतात, आप्पा."

"मला न्हाई वाकला."

मी त्यांना भराभर पुढे नेलं. महिनाभर किल्ला, देवळं, बागा दाखवल्या. रोज सातच्या आत घरी. मावशीकडे मी फिरकलोसुद्धा नाही.

एका गुरुवारी ऑफिसातून आलो तर घरात आप्पा नाहीत. चपला नाहीत, टोपी नाही. खालच्या बागेत बघितलं, स्टेशनवर बघितलं. मग पाय आपोआप तेन्माकडे वळले. बाजारात शिरलो तसा तोफूवाल्यानं न विचारताच हात केला, पुढे. भाजीवालीनं हात केला, पुढे. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या दोघा ओळखीच्यांनी तर हसू दाबत मला वाट करून दिली. मी मावशीच्या बारचं दार सरकवलं.

आप्पा उंच स्टुलावर मांडी घालून बसले होते. समोर हिरवा चहा. उकडलेल्या शेंगांची बशी त्यांनी संपवून, धुऊन, धुतलेलं पाणी पिऊन पालथी घातली होती. आणि बशीच्या शेजारी माझी बाटली.

झालं होतं ते असं. दुपार कलली की मावशी बारसमोरच्या रस्त्यावर पळीनं पाणी शिंपडते. धूळ बसावी, गारवा यावा, गिऱ्हाईकाला बरं वाटावं म्हणून. तिथली ती जुनी रीत आहे. एकटेच फिरायला निघालेल्या आप्पांनी ते बघितलं. चांगलं पाणी, चांगल्या रस्त्यावर! त्यांनी सरळ जाऊन तिच्या हातातली पळी धरली. मावशीनं कपाळावरचे पट्टे बघितले, हा कोण ते ओळखलं, आणि माझं सांगणं पाळायचं म्हणून ओळख मात्र दाखवली नाही. घामाघूम झालेल्या म्हाताऱ्याला नुसतं आत बसवलं, चहा दिला. आप्पांनी मान वर केली तर फळीवर जपानी अक्षरांच्या गर्दीत एका चिठ्ठीवर त्यांचंच नाव. त्यांनी चिठ्ठीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे. बाटली मागणाऱ्याला ती काढून द्यायची, हा तिचा धंदाच होता.

"हे काय हाय?" आप्पा म्हणाले.

"बाटली."

"ते दिसायलं मला. नाव कुनाचं हाय?"

"माझं."

"निम्मं तुझं हाय. मधलं माझं हाय."

आप्पांनी माझ्यावरून नजर काढली, मावशीकडे वळवली आणि शुद्ध लातुरीत तिला म्हणाले, "बाई, याला म्हणावं, बस."

याला म्हणावं. नऊ वर्षं हेच शब्द मी काकांना पोचवले होते. मावशीला एक अक्षर कळलं नाही, तिनं नुसतं हसून स्टूल पुढे केलं. मी बसलो. मला रडू येत होतं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी बारमध्ये बापाशेजारी बसून रडणारा माणूस कसा दिसत असेल, याची लाजही वाटत होती.

आप्पा फळीवरच्या बाटल्या बघायला लागले. सर्वांत वरच्या रांगेतल्या चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या होत्या.

"बाई, याला इचारा, त्या वरच्या कामून कुनी घेईना?"

मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, ती माणसं आता नाहीत. कुणी आजारानं गेलं, कुणी म्हातारपणानं. पण नाव लिहिलेली बाटली ती टाकत नाही. वर्षअखेरीला सगळ्या उतरवते, पुसते आणि परत ठेवते.

मी ते आप्पांना सांगितलं. त्यांनी हातातली पेली खाली ठेवली. मग हवेत लिहून दाखवत मावशीकडे चिठ्ठी मागितली. तिनं कोरी चिठ्ठी आणि पेन दिलं. दुकानातल्या उधारीच्या वहीत लिहायचे तसं, दाबून, रेघ मारून त्यांनी काकांचं नाव लिहिलं. मग आजोबांचं. मग आडनाव. शाई वाळेपर्यंत चिठ्ठी तळहातावर धरून बसले, आणि मग माझ्याकडे वळले. सरळ माझ्याकडे.

"त्याला कोनती लागायची रे?"

मला माहीत नव्हतं. दोघांचे इतके निरोप पोचवले, पण हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी मान हलवली.

"मला बी न्हाई म्हाईत," आप्पा म्हणाले. त्यांनी डोळे टोपीनं पुसले, आणि ती चिठ्ठी माझ्याच बाटलीच्या गळ्यात, माझ्या चिठ्ठीशेजारी अडकवली. हा माणूसही आता नाही, एवढं मी मावशीला सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी बाटली उचलली आणि सर्वांत वरच्या रांगेत नेऊन ठेवली.

घरी येताना मी त्यांचा हात धरला होता. बाजार ऐन भरात होता. तोफूवाला परत वाकला, या वेळी दोघांनाही. आप्पांनी कपाळाला हात लावून, शरणार्थ म्हणत त्याला नमस्कार केला.

"उद्या त्या बाईला सांग," ते म्हणाले, "पानी जरा कमी वत म्हणावं."

पावसाची बातमी आली तसे ते परत गेले. दारूबद्दल त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. वरच्या रांगेतल्या त्या बाटलीला मी अजून हात लावलेला नाही. आता खालच्या फळीवर माझी दुसरी बाटली असते. तिच्यावर मी फक्त माझं नाव लिहितो.