काटा शून्यावर आला नव्हता

कॅनडातल्या ब्रॉसार्डहून मी आणि ती रोज माझ्याच गाडीने प्रयोगशाळेत जायचो. ती नागपूरची, माझ्या हाताखालची इंजिनिअर. मला काका म्हणायची. आमची कंपनी अंतराळयानांसाठी विजेवर चालणारं इंजिन बनवत होती. लवकरच कोणीही तिकीट काढून अवकाशात जाईल, असं मालक गुंतवणूकदारांना सांगत सुटला होता. मला तो माणूस मुळीच आवडत नव्हता. त्याची भीती मात्र वाटायची.

हवा काढून घेतलेल्या टाकीत, एका झुलत्या चौकटीवर इंजिन बसवून आम्ही ते चालवायचो. त्याचा रेटा तळहातावर ठेवलेल्या कागदाच्या वजनाइतका. म्हणून नियम असा, की इंजिन बंद केल्याबरोबर रेटा मोजणाऱ्या काट्याचं शून्य पुन्हा तपासायचं. केबल ओढून बांधली असेल, तर ती तापल्यावर चौकटीला ढकलते आणि तेही रेट्यात धरलं जातं.

त्या दिवशी आकडा झकास आला. इंजिन बंद केलं, तरी काटा शून्यावर येईना. उद्या गुंतवणूकदार येताहेत, सुरुवातीचंच शून्य धर, असं मी तिला सांगितलं.

"काका, भाजी उतरवल्यावरही तराजू अर्धा किलो दाखवत असेल, तर आधीचं वजन खरं कसं?"

"तू इथे भाजी विकायला आलेली नाहीस. अहवालावर सही कर."

तिने केली नाही. मी केली.

पुढे बाहेरच्या तज्ज्ञाने चूक पकडली, तेव्हा मी लिहून दिलं की केबल तिने बांधली होती आणि नंतरचं शून्य तिने तपासलंच नाही. तिचं वर्क परमिट त्याच कंपनीपुरतं होतं, हे मला ठाऊक होतं. तिला काढलं. त्यानंतर तिच्या घरासमोरून जाताना मी गाडीचा वेग वाढवायचो.

काही वर्षांनी मंडळाच्या दिवाळीला ती भेटली. नवऱ्याला म्हणाली, "हे ते तराजूवाले." चारचौघे हसले. मी माफी मागू लागलो.

"माफी राहू द्या. खोटं लिहून दिलंत ना? आता खरंही लिहून द्या."

त्या हसण्याचा राग मी बरीच वर्षं धरून बसलो. अजूनही तो पुरता गेलेला नाही. दरम्यान कंपनी बुडाली. मालक दुसरीकडे तीच तिकिटं विकतो आहे.

तर लिहितो. शून्य तिने माझ्यासमोर तपासलं होतं. केबल मी बांधली होती.