दोन छत्र्या आणि एक पेटी

डबलराव घराबाहेर पडले की डाव्या खांद्यावरच्या पिशवीत सगळं जोडीनं असायचं. दोन छत्र्या, दोन चष्मे, दोन पेनं, किल्ल्यांचे दोन जुडगे. पार्सलच्या गोदामात बत्तीस वर्षं त्यांनी आवक-जावक सांभाळली, तीही प्रत्येक पावतीची जास्तीची प्रत काढून. गल्लीनं त्यांना हे नाव ठेवलं ते उगीच नाही. बाकीचे ताक फुंकून पितात, डबलराव पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. बायको म्हणायची, "माझीही एक प्रत काढून ठेवा, म्हणजे एकीला तरी आराम मिळेल."

बायको शिवणकाम करायची. नवऱ्याचे शर्टही तीच शिवायची आणि ते असे बसायचे की बघत राहावं. डबलरावांना वाटायचं, आपलं अंगच साच्यातून काढलेलं आहे!

पुढच्या खोलीत मशीन होतं, कापायचं टेबल होतं आणि फडताळात मापांच्या नऊ वह्या होत्या. त्यांत नुसते आकडे नव्हते, बायकोचे शेरे होते. 'पोट आत ओढतो, दीड इंच वाढवणे.' 'कमरेचं माप स्वतःच सांगते, ऐकू नये.' तिचं निम्मं कसब त्या शेऱ्यांत होतं. निवृत्त झाल्यावर डबलरावांची नजर या वह्यांवर पडली. नऊ वह्या, आणि प्रत एकीचीही नाही! त्यांची झोपच उडाली.

त्यांची भाची एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिचं डोकं खाऊन सहा महिन्यांत ते मापांचं ॲप तयार करायला शिकले. ते ठेवायचं कुठे यावर घरात खडाजंगी झाली. बाहेरच्या कंपनीचा सर्व्हर बायकोनं उडवूनच लावला. "लोकांच्या कमरा मी परक्याच्या कपाटात ठेवणार नाही. विश्वासानं माप देतात ते." मग भाचीचा जुना कॉम्प्युटर फडताळावर चढला आणि घरचा सर्व्हर झाला.

पुढची रीत तर डबलरावांना भलतीच आवडली. ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एका कंटेनरमध्ये बंद करायचं. कंटेनर सर्व्हरवर चढवला की ॲप चालू. काही बदलायचं असेल तर नवा कंटेनर भरायचा, तो चढवायचा आणि जुना फेकून द्यायचा.

"म्हणजे पेटीच की!" डबलराव फोनवर ओरडले. "हे तर मी बत्तीस वर्षं केलंय."

"तसंच समजा, मामा," भाची म्हणाली. "फक्त सांभाळून."

सांभाळण्याबद्दल डबलरावांना सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. त्यांनी वह्या सुतळीनं बांधून माळ्यावर टाकल्या. जुनी मापं सावकाश भरू, नवी थेट ॲपमध्ये, असं ठरलं.

आणि नेमकं तेव्हाच अग्निशमन दलाच्या बँडचं काम आलं. सव्वीस गणवेश, तीन आठवड्यांत. समोरच्या मोठ्या दुकानाला डावलून बँडमास्तरांनी हे काम हिला दिलं होतं. बायकोच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. ती अग्निशमन केंद्रात गेली आणि दिवसभर एकेकाचं माप घेऊन शेऱ्यासकट फोनमधून ॲपमध्ये भरत बसली. वही नेली नाही. "तुमच्या भरवशावर आहे हो," एवढं मात्र घरी आल्यावर म्हणाली. डबलरावांची छाती एक इंच वाढली.

दुसऱ्या दिवशी तिनं एकच तक्रार केली. अक्षरं फार बारीक आहेत. एवढंच ना? डबलरावांनी दुपारच्या चहाआधी अक्षरं मोठी केली, नवी पेटी भरली, चढवली, जुनी फेकली. फोन उघडून पाहिला. अक्षरं झकास मोठी झाली होती. चष्म्याशिवाय वाचता येत होतं:

एकूण माणसं: ०

डबलरावांनी भाचीला फोन लावला.

"मामा, मापं कंटेनरच्या आतच साठवत होता की काय? ती बाहेर, सर्व्हरच्या डिस्कवर ठेवायची असतात. आतली पेटीबरोबर गेली."

"मी प्रत काढली होती!"

"मग झालं तर. कुठे ठेवलीत?"

"आतच. शेजारी."

माणसानं दोन छत्र्या घेऊन निघावं आणि दोन्ही एकाच बसमध्ये विसराव्यात, तसं झालं होतं. बायकोला सांगायचं धाडस होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत दोन टेपा टाकून ते गुपचूप अग्निशमन केंद्रात पोचले.

"सर्व्हरची पडताळणी आहे," त्यांनी ठोकून दिलं.

बँडवाले बिचारे रांगेत उभे राहिले. नवव्या माणसाच्या गळ्याभोवती टेप असतानाच घंटा वाजली आणि तो टेप घेऊनच बंबावर चढला. डबलरावांना आयुष्यात प्रथमच दुसऱ्या टेपेचा उपयोग झाला. आग विझवून मंडळी परत आल्यावर उरलेली मापं झाली. घरी येऊन त्यांनी सव्वीस नावं भरली आणि मोठा सुस्कारा सोडला.

संध्याकाळी बायको कापड अंथरून बसली. फोन पाहिला आणि कात्री खाली ठेवली.

"ही माझी मापं नाहीत."

"कशावरून?"

"ट्रॉम्बोनवाल्याचे दोन्ही हात सारखे लिहिलेत. त्याचा उजवा पाऊण इंच जास्त आहे. आणि अहो, माझे शेरे कुठे आहेत?"

डबलरावांनी सगळं सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कापडाची घडी घालत राहिली. त्यांना इतकी लाज वाटली की जमीन दुभंगली असती तर मागे वळूनही न पाहता ते आत उतरले असते.

"उद्या माझ्याबरोबर चला," शेवटी ती म्हणाली. "मी सांगेन, तुम्ही लिहायचं. माळ्यावरून नववी वही काढा."

केंद्रात तिसऱ्यांदा रांग लागली. ढोलवाल्यानं अदबीनं विचारलं, "ताई, आज पोट आत घ्यायचं की बाहेर?"

"जसं असेल तसं," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "कोरं पान काढा."

पान शोधता शोधता डबलराव एका पानावर थबकले. वर 'हे' एवढंच लिहिलं होतं. त्यांचं स्वतःचं पान. खाली वर्षावर्षाची मापं आणि एक शेरा: 'डावा खांदा पाऊण इंच उतरला. पिशवीचं ओझं. शर्टात भर घालून झाकणे. सांगू नये, मनाला लावून घेतील.'

"लिहिताय ना?" तिनं विचारलं.

"लिहितोय," डबलराव म्हणाले आणि पान उलटलं. त्या दिवशी त्यांनी तिचा शब्द न् शब्द उतरवला.

गणवेश वेळेवर गेले. मापं आता पेटीच्या बाहेर, डिस्कवर राहतात. एक प्रत भाचीकडे असते, तीही बायकोच्या परवानगीनं, कुलूपबंद. आणि वही दर शनिवारी डबलराव स्वतःच्या हातानं लिहितात.

परवा ते बाजारात निघाले तर पिशवी अगदीच हलकी. बायकोनं दारातच अडवलं.

"दुसरी छत्री?"

"घरीच. दोन्ही एका ठिकाणी ठेवू नयेत."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग शर्टाच्या डाव्या खांद्यावरून हात फिरवला.

"वाचलंत वाटतं ते पान," ती म्हणाली. "म्हणजे आता अकरा शर्टांतली भर उसवायला बसा माझ्याबरोबर."