मदन महलचे म्हातारे कॉम्प्युटर

जुने कॉम्प्युटर सुरू करायला बसलं की कॉम्प्युटर कमी आणि किस्सेच जास्त जमतात! फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून मी आणि माझा मित्र मोघे, जबलपूरच्या मदन महल भागात त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी हेच करून राहिलो. युक्ती साधी आहे. पेनड्राइव्हवर हलकंसं लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकटातली सिस्टिम, टाकायचं आणि त्याच्यावरूनच मशीन सुरू करायचं. आतली हार्डडिस्क गेलेली असली तरी चालतं.

*

बड़ा फुहारा बाजारातले एक कापडवाले सेठजी. दुकानातलं बंद मशीन सुरू झालं तसे हरखले. "भैया, मतलब ये चाबी है?"

मोघे म्हणाला, "चाबीच समजा."

पुढच्या रविवारी पाहतो तर पेनड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यात, कमरेला! "अब मेरे पीछे दुकान में कोई पिक्चर नहीं देखेगा!"

*

कुंडम गावच्या शाळेतले जुने कॉम्प्युटर आम्ही असेच पेनड्राइव्हवर सुरू करून दिले होते. तिथल्या देवकर मॅडमचा फोन आला. "दादा, एकही कॉम्प्युटर सुरू होऊन नाही राहिला! मुलं वाट पाहून राहिलीत."

"पेनड्राइव्ह नीट लावले का?"

"ते? ते तर जबलपूरला घरी, कपाटात. शाळेत हरवले असते ना!"

मोघेनं स्कूटर काढली, त्यांच्या घरून पेनड्राइव्हची डबी घेतली आणि थेट कुंडम गाठलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. परत आल्यावर म्हणतो, "एवढ्या टाळ्या मला लग्नातही नाही मिळाल्या!"

*

एकदा मोघेच्या कुडत्याच्या खिशातला पेनड्राइव्ह वॉशिंग मशीनमधून फिरून आला. त्यानं घर डोक्यावर घेतलं. वहिनींनी शांतपणे तो गच्चीवर वाळवला. लावला, तर चालू!

"काहून ओरडत होते? व्हायरसही धुऊन दिला तुमचा!"

*

बर्वे आजोबा रेल्वेतले. आता त्यांना घरची माणसंही ओळखू येत नाहीत. रोज कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचे, तो बंद पडला आणि त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. त्यांचा मुलगा सुधीर, स्वतः साठीला आलेला. त्यानं नवा लॅपटॉप आणला. आजोबांनी हात लावला नाही. "हा माझा नाही."

आम्ही पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्या घरी गेलो. जुना स्क्रीन उजळला. मोघेनं पत्त्यांचा खेळ उघडून दिला. आजोबांनी माउस धरला आणि हळूहळू अख्खा डाव सोडवला.

मागे सुधीर डोळे पुसत उभा होता. आजोबांनी वळून पाहिलं.

"तुम्हाला येतो का हा खेळ?"

"नाही."

"मग बसा इथं, शिकवतो. माझ्या पोराला तर कधी वेळच नसतो."

सुधीरनं स्टूल ओढलं.

"शिकवा, काका."